गर्दीपासून दूर, छोट्या गावातल्या शांत हॉटेलात मुक्काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ज्या गावात पर्यटक येत नाहीत तिथे शांतता आपोआप मिळेल, हा समज बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी असतो. गावात गर्दी नाही म्हणून खोलीत झोप लागेलच असं नाही. झोप ठरते ती खोलीवर आणि त्या आठवड्यात गावात काय चाललंय त्यावर. म्हणून खोली आणि तारखा यांवरची उत्तरं इथे जास्त लांब आहेत.

१. अशा हॉटेलात मुळात वेगळं काय असतं?

खोल्या थोड्या, माणसं त्याहून थोडी. रिसेप्शनवर असतो तोच बऱ्याचदा सामान उचलतो, सकाळी चहा देतो आणि बिलही करतो. त्यामुळे चोवीस तास कुणी हजर असेल, रात्री अकराला जेवण मिळेल किंवा कपडे तासाभरात इस्त्री होऊन येतील, हे गृहीत धरू नका. याचा फायदाही आहे. निर्णय घेणारा माणूस समोरच असतो. खोली बदलणं, उशिरा चेक-आउट, जास्तीची उशी, लवकर नाश्ता अशा गोष्टी एका वाक्यात ठरतात, फक्त त्या आधी सांगाव्या लागतात.

२. तिथे गर्दी केव्हा असते? सुट्टीतच ना?

बहुतेक वेळा उलट असतं. अशा गावांत उतरणारे लोक कामासाठी आलेले असतात: विक्री प्रतिनिधी, यंत्रं बसवणारे अभियंते, लेखापरीक्षक, न्यायालयीन कामाला आलेले लोक. त्यामुळे सोमवार ते गुरुवार खोल्या भरलेल्या आणि शुक्रवारपासून रविवारपर्यंत रिकाम्या, असं चित्र सर्रास दिसतं. शांतता हवी असेल आणि दरात सवलतही, तर शनिवार-रविवार मागा. अपवाद समारंभांचा. लग्न, जत्रा, क्रीडास्पर्धा, मोठी परीक्षा किंवा जवळच्या कारखान्याचं वार्षिक दुरुस्तीचं काम असलं, की एरवी ओस पडलेलं हॉटेल एका रात्रीत भरतं. तारखा पक्क्या करण्याआधी हे विचाराच (प्रश्न ५).

३. गाव कसं निवडायचं?

प्रसिद्ध स्थळाच्या अगदी शेजारचं गाव टाळा. गर्दी तिथे ओसंडून येते. त्याच रस्त्यावर पुढचं गाव पाहा, जिथे स्थानिक लोकांना रोज जावं लागतं: रुग्णालय, महाविद्यालय, न्यायालय किंवा घाऊक बाजार असलेलं. अशा गावात वर्षभर औषधाचं दुकान, खानावळ आणि संध्याकाळची बस चालू असते, कारण ती पर्यटकांच्या भरवशावर चालत नाही. फक्त हंगामावर जगणारं गाव हंगामाबाहेर शांत असतं खरं, पण अर्धं बंदही असतं. परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे, एवढं मात्र जाण्याआधी पाहून ठेवा.

४. हॉटेल शांत आहे की नाही, हे नकाशावरून कळतं का?

बरंचसं कळतं. उपग्रह नकाशा उघडून हॉटेलभोवतीच्या दोनशे मीटरमध्ये या गोष्टी शोधा: बसस्थानक, रेल्वे फाटक, पेट्रोल पंप, सभागृह किंवा मोकळं मैदान, बार, ट्रक लागतात असं आवार, ध्वनिक्षेपक किंवा घंटा असलेलं प्रार्थनास्थळ. रेल्वे फाटक रुळांपेक्षा त्रासदायक, कारण गाडी तिथे भोंगा वाजवते. चढाचा रस्ता सपाट रस्त्यापेक्षा वाईट, कारण ट्रक तिथे गिअर बदलतात. गतिरोधक असेल तर प्रत्येक वाहन ब्रेक मारून पुन्हा वेग घेतं.

अंतराचा हिशेब मात्र अनेकांचा चुकतो. सतत वाहत्या रस्त्याचा आवाज, अंतर दुप्पट केलं की जेमतेम ३ डेसिबल कमी होतो. म्हणजे २५ मीटरवरून १०० मीटरवर गेलात तरी फरक साधारण ६ डेसिबलचाच. उलट मध्ये एक अख्खी इमारत आली तर आवाज १० डेसिबल किंवा त्याहूनही जास्त घटू शकतो, आणि १० डेसिबलची घट कानाला जवळपास निम्मी वाटते. म्हणून गावाबाहेरचं, पण रस्त्याकडे तोंड असलेलं हॉटेल शोधण्यापेक्षा गावातल्याच हॉटेलची मागच्या बाजूची खोली घेणं बहुधा शहाणपणाचं.

तुलनेसाठी: जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत झोपायच्या खोलीत रात्रभराची सरासरी ३० डेसिबल आणि एकेका आवाजाची कमाल ४५ डेसिबल अशी शिफारस आहे. फोनवरची आवाज मोजणारी ॲप्स अचूक नसतात, पण दोन खोल्यांची तुलना करायला पुरतात.

५. बुकिंगआधी फोनवर नेमकं काय विचारायचं?

‘शांत आहे ना?’ असं विचारू नका. उत्तर नेहमी ‘हो’च येतं. ज्याचं उत्तर ठोस द्यावं लागतं असे प्रश्न विचारा:

- त्या तारखांना हॉटेलात किंवा शेजारच्या सभागृहात कार्यक्रम आहे का? असल्यास किती वाजता संपतो?
- आठवड्याचा बाजार कोणत्या वारी आणि कुठे भरतो? मालाच्या गाड्या पहाटेच येऊ लागतात.
- खोलीची खिडकी कोणत्या बाजूला उघडते? खाली काय आहे?
- हॉटेलात किंवा शेजारी बांधकाम चालू आहे का?
- पाण्याचा पंप आणि जनरेटर कुठे आहेत? केव्हा चालतात?
- गरम पाणी चोवीस तास, की ठरावीक वेळेला?
- रिसेप्शनवर रात्री कोण असतं आणि कितीपर्यंत?
- स्वयंपाकघर किती वाजता बंद होतं? आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते का?

फोन दुपारी करा. सकाळी चेक-आउटची आणि संध्याकाळी चेक-इनची घाई असते, तेव्हा घाईत दिलेली उत्तरं मिळतात. ‘बघू, आल्यावर ठरवू’ असं उत्तर खोलीच्या बाजूबद्दल आलं, तर ती बाजू मिळणार नाही असंच धरा.

६. ॲपवरून बुक करू की थेट?

ॲपवर किंमत आणि रद्द करण्याच्या अटी लेखी मिळतात, पण विशिष्ट खोलीची खात्री नसते. थेट बुकिंगमध्ये खोली ठरवता येते, पण शब्द हवेत राहू शकतो. थेट ठरवलंत तर तारखा, रात्रींची संख्या, एकूण रक्कम, आगाऊ किती दिले, रद्द केल्यास काय परत मिळेल आणि खोलीची बाजू, एवढं एका संदेशात लिहून पाठवा आणि त्याला ‘हो’ असं उत्तर मागा. लहान हॉटेलांत ॲपवरच्या खोल्यांचा हिशेब बऱ्याचदा हाताने अद्ययावत करतात, त्यामुळे एकच खोली दोघांना दिली जाणं घडतं. ॲपवरून घेतलीत तरी आदल्या दिवशी हॉटेलला फोन करून नाव नोंदलंय का ते विचारा.

७. परीक्षणं वाचून काय समजतं?

तारकांची सरासरी फारशी कामाची नाही. गेल्या सहा महिन्यांतली परीक्षणं काढा आणि त्यांत ‘आवाज’, ‘पाणी’, ‘वास’ हे शब्द शोधा. एका माणसाची तक्रार योगायोग असू शकते. वेगवेगळ्या महिन्यांत तीच तक्रार आली तर ती इमारतीची आहे. तक्रारीखाली व्यवस्थापनाने काय लिहिलंय तेही वाचा.

८. कोणती खोली मागावी?

मागच्या बाजूची, मधल्या मजल्यावरची, जिना आणि लिफ्टपासून दोन दारं तरी लांब. याची कारणं अशी. तळमजल्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांचे आवाज आणि वाहनांचे दिवे येतात. सर्वांत वरच्या मजल्यावर उन्हाळ्यात छत तापतं, शिवाय पाण्याची टाकी भरण्याचा आवाज स्लॅबमधून उतरतो. स्वयंपाकघराच्या वरच्या खोलीत पहाटे भांडी आणि धुराडं. कॉरिडॉरच्या टोकाची खोली चांगली, फक्त टोकाला आणीबाणीचा जिना नसावा. लोक तिथे फोनवर बोलायला आणि सिगारेट ओढायला जातात.

दोन खोल्यांना जोडणारं मधलं दार असेल तर खोली बदलून मागा. बंद असलं तरी त्याच्या फटीतून शेजारचं बोलणं शब्दन् शब्द ऐकू येतं. खिडकी उघडून शेजारच्या एसीचं बाहेरचं यंत्र कुठे लावलंय तेही पाहा. ते खिडकीखाली असेल तर तुम्ही एसी बंद ठेवलात तरी रात्रभर घरघर चालू राहील.

फोमचे कानबोळे (इअरप्लग) सोबत ठेवा. प्रयोगशाळेत ते आवाज ३० डेसिबलच्या आसपास घटवतात, प्रत्यक्षात नीट न बसवल्याने बरंच कमी मिळतं. बोटांनी वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवा.

९. खोलीत शिरल्यावर आधी काय तपासायचं?

सामान उघडण्यापूर्वी दहा मिनिटं द्या. खोली वापरली नसताना बदलून मागणं सोपं, दोन तासांनी अवघड. क्रम असा ठेवा:

1. बॅगा न्हाणीघरातल्या फरशीवर ठेवा, पलंगावर किंवा गालिच्यावर नको.
2. डोक्याच्या बाजूची चादर उचलून गादीचे कोपरे पाहा (प्रश्न १०).
3. दाराचं कुलूप आणि आतली कडी लावून ओढून पाहा. खिडकीची खिट्टीही.
4. गिझर चालू करा, नळ सोडा, फ्लश करा.
5. दार बंद करून फोनला नेटवर्क आणि वाय-फाय येतंय का ते बघा.
6. पंखा आणि एसी झोपताना ठेवाल त्याच वेगावर चालवून ऐका.
7. बाहेर पडून जिन्यापर्यंत किती दारं लागतात ते मोजा. धुरात दिसत नाही, तेव्हा भिंतीला हात लावून हीच मोजणी कामी येते.

१०. ढेकूण कसे ओळखायचे आणि सापडले तर काय?

पूर्ण वाढलेला ढेकूण ४ ते ५ मिलिमीटरचा, तपकिरी आणि चपटा असतो. प्रत्यक्ष ढेकूण क्वचित दिसतो, खुणा दिसतात. गादीच्या शिवणीत काळे ठिपके असतात, ओल्या कागदाने पुसले की शाईसारखे पसरतात. फिकट रंगाच्या कातीही सापडतात. पलंगाच्या डोक्याकडच्या फळीमागे आणि लाकडी सांध्यांत फोनचा दिवा मारून बघा.

सापडले तर फोटो काढा आणि खोली बदलून मागा. शेजारची, नेमकी वरची आणि नेमकी खालची खोली घेऊ नका, ढेकूण भिंतीतल्या फटींतून सरकतात. घरी परतल्यावर कपडे ६० अंश सेल्सिअसला धुवा किंवा ड्रायरमध्ये सर्वांत जास्त उष्णतेवर अर्धा तास फिरवा. धुता न येणाऱ्या वस्तू पिशवीत बांधून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये चार दिवस ठेवा. ढेकणांमुळे आजार पसरत असल्याचं आढळलेलं नाही. चाव्याच्या खुणा उमटायला मात्र १४ दिवसांपर्यंत लागू शकतात, त्यामुळे कोणत्या मुक्कामात चावले हे अंगावरून ठरवू नका.

११. गरम पाणी दोन मिनिटांत संपतं. गिझर बिघडलाय का?

बहुधा नाही. १५ लिटरच्या गिझरमध्ये पाणी ६० अंशांना तापलेलं असेल आणि नळाचं पाणी २० अंशांचं असेल, तर ४० अंशांचं साधारण ३० लिटर मिळतं. मिनिटाला ८ लिटर सोडणारा शॉवर ते चार मिनिटांच्या आत संपवतो. २ किलोवॅटच्या कॉइलला टाकी पुन्हा तापवायला वीस-बावीस मिनिटं लागतात. दोघांच्या आंघोळीत एवढं अंतर ठेवा किंवा बादलीत पाणी काढून घ्या. अर्ध्या तासानंतरही पाणी कोमटच असेल, तर मात्र बिघाड आहे. छतावरचे सौर तापक असतील तर ढगाळ दिवसांनंतर पहाटेचं पाणी गार असणारच. अशा वेळी पर्यायी विजेची सोय आहे का ते विचारा.

१२. खोलीला कुबट किंवा गटारासारखा वास येतो. राहावं का?

दोन्ही वासांची कारणं वेगळी. गटारासारखा वास बहुधा जाळीखालच्या सापळ्यातलं (नळीच्या वाकलेल्या, पाणी धरून ठेवणाऱ्या भागातलं) पाणी सुकल्याने येतो. खोली बरेच दिवस बंद असली की ते पाणी उडून जातं आणि नळीतली हवा वर येते. जाळीत आणि बेसिनमध्ये दोन-दोन लिटर पाणी ओता, खिडकी उघडा. अर्ध्या तासात वास गेला तर काळजी नको. कुबट वासासोबत भिंतीवर ओल किंवा काळे डाग असतील तर खोली बदला. सुगंधी फवाऱ्याने तो वास झाकतात, जात नाही.

बंद खोलीत आणखी एक धोका असतो, तो वास येत नाही म्हणून सुटतो. नळ्यांत साचलेल्या २० ते ४५ अंशांच्या पाण्यात लिजिओनेला हे जिवाणू वाढतात आणि शॉवरच्या तुषारांवाटे फुप्फुसात जातात. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात जमलेल्या माजी सैनिकांच्या अधिवेशनात पसरलेल्या साथीतून, या जिवाणूंमुळे होणाऱ्या न्यूमोनियासारख्या आजाराची ओळख झाली. खोली आठवडाभर बंद होती असं कळलं, तर आधी दोन्ही नळ पाच मिनिटं वाहू द्या. शॉवर बादलीत ठेवून सोडा, तुषार उडू देऊ नका आणि तेवढा वेळ स्वतः बाहेर थांबा. पन्नाशीपुढच्यांनी, धूम्रपान करणाऱ्यांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी हे टाळू नये.

१३. न्हाणीघरात गॅस गिझर आहे. चालेल का?

यंत्र बाहेर बसवलेलं असेल तर चालेल. बंद न्हाणीघराच्या आत असेल आणि धूर बाहेर नेणारी नळी नसेल, तर आमचं उत्तर स्पष्ट ‘नको’ असं आहे. दुसरी खोली मागा. अपुऱ्या हवेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ ही लक्षणं बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर कमी होत असतील तर परत आत जाऊ नका, वैद्यकीय मदत घ्या. खोलीत कोळशाची शेगडी आणि खिडकीखाली जनरेटर, यांचाही धोका हाच. हा वायू ओळखून आवाज करणारा, बॅटरीवर चालणारा छोटा सूचक प्रवासात सहज नेता येतो.

१४. रात्री उशिरा पोहोचणार आहे. दार कोण उघडेल?

विचारलं नाहीत तर कुणीच नाही, अशी शक्यता धरून चाला. येण्याची वेळ आदल्या दिवशी कळवा आणि रिसेप्शनचा नव्हे, रात्री जागा असणाऱ्या माणसाचा नंबर घ्या. किल्ली पेटीत ठेवणार असतील तर पेटीचा फोटो आणि आकडा दिवसाच मागवा. उशीर वाढला तर पुन्हा कळवा. न येणारा पाहुणा समजून खोली दुसऱ्याला देण्याची वेळ अनेक ठिकाणी ठरलेली असते. जेवण बरोबरच घेऊन जा.

१५. एकटीने राहायचं असेल तर?

खोली पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावर, रिसेप्शनवरून जिना दिसेल अशी घ्या. इथे शांततेपेक्षा वर्दळीची जागा बरी. खोली क्रमांक मोठ्याने सांगितला गेला तर दुसरी खोली मागायला संकोच करू नका. दाराखाली लावायची रबरी पाचर सोबत ठेवा. आत उघडणाऱ्या दारालाच ती उपयोगी. दार वाजलं तर न उघडता रिसेप्शनला फोन करून खात्री करा. ओळखपत्राची प्रत मागितली तर तिच्यावर हॉटेलचं नाव आणि तारीख लिहून द्या.

१६. खोलीतून काम करायचं आहे. वाय-फायवर भरवसा ठेवू का?

एकट्यावर नको. व्हिडिओ कॉल चालायला डाउनलोड आणि अपलोड दोन्हींना स्थिर ३ एमबीपीएस पुरतात, पण रात्री सगळे पाहुणे परतल्यावर तेही मिळेनासे होतात. वेग खोलीत, दार बंद करून, रात्री नऊच्या सुमाराला मोजा. अपलोडचा आकडा जास्त महत्त्वाचा. दुसऱ्या कंपनीचं सिम सोबत असू द्या. वीज खंडित होत असेल तर इन्व्हर्टरवर राउटर चालतो का ते विचारा. बऱ्याचदा दिवे आणि पंखे चालतात, राउटर बंद पडतो.

१७. किटली लावली की खोलीतली वीज जाते. का?

२३० व्होल्टवर १० अँपिअरचा खटका (जास्त भार आला की आपोआप पडणारा एमसीबी) साधारण २३०० वॉट झेपवतो. किटली १५०० ते २००० वॉट घेते. त्यात केस वाळवायचं यंत्र किंवा हीटर जोडला की तो पडतो. एका वेळी एकच लावा. एकटी किटली लावूनही खटका पडत असेल तर वायरिंग किंवा किटली सदोष आहे. पुन्हा पुन्हा वर करू नका, कळवा.

१८. हॉटेलात मी एकटाच पाहुणा निघालो तर?

हंगामाबाहेर हे घडतं. मग मध्यवर्ती बॉयलर बंद ठेवणं, स्वयंपाकी न येणं, रात्री कुणी नसणं अशा काटछाटी सुरू होतात. पोहोचताच तीन गोष्टी ठरवा: गरम पाणी किती वाजता हवं, नाश्ता मिळणार की बाहेर करायचा, आणि रात्री इमारतीत कोण झोपणार. मुख्य दार बाहेरून कुलूप लावून जाणार असतील तर राहू नका. आग लागली तर बाहेर पडायचा रस्ताच उरत नाही.

१९. ऐनवेळी हॉटेलात समारंभ निघाला. काय मागता येईल?

आधी विचारलं होतं आणि ‘काही नाही’ असं लेखी मिळालं असेल (प्रश्न ५ आणि ६), तर बाजू भक्कम आहे. क्रमाने मागा: सभागृहापासून सर्वांत लांबची खोली, ते जमत नसेल तर त्याच खर्चात दुसऱ्या हॉटेलात सोय, तेही नसेल तर उरलेल्या रात्रींचे पैसे परत. वाद्यांचा खर्जातला ठोका भिंतीतून येतो, कानबोळ्यांनी तो थांबत नाही. म्हणून ‘दारं-खिडक्या लावून घ्या’ हा तोडगा मान्य करू नका. विचारलंच नव्हतं तर खोली बदलून मिळेल, पैसे मिळण्याची आशा कमी. मागणी रिसेप्शनवर शांतपणे, कार्यक्रम सुरू होण्याआधी करा. रात्री बाराला तिथे निर्णय घेणारा कुणी नसतो.

२०. आठवडाभर राहायचं असेल तर दर कमी होतो का?

होतो, पण आल्यावर पहिली रात्र राहून मग बोला. खोली पसंत आहे हे तुम्हालाही कळतं आणि रिकामे दिवस किती आहेत हे त्यांनाही दिसतं. दर कमी होत नसेल तर कपडे धुणं, नाश्ता किंवा शेवटच्या दिवशी उशिरा चेक-आउट मागा. त्या बदल्यात रोजची सफाई नको असं सांगता येतं. टॉवेल आणि चादर दर तीन दिवसांनी बदलायची, हे मात्र आधीच ठरवून घ्या.